वापरणारा : कोणी नाही

मी रोहिदास. चाकणच्या एका कंपनीत बावीस वर्षं क्वालिटीला आहे. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधणं हेच माझं काम. आमच्या कारखान्यातली पोरं मला लांबून येताना बघितलं की बोलणं थांबवतात, हे मला माहीत आहे आणि खरं सांगायचं तर त्याचा थोडा अभिमानही आहे. असला माणूस घरच्या कॉम्प्युटरला अपडेट टाकता टाकता स्वतःच्या आईचं आठ महिन्यांचं लिखाण पुसायच्या बेतात होता, ही गोष्ट काही कौतुकाने सांगण्यासारखी नाही. पण सगळं नीट पार पडलं, म्हणून सांगतोय. नसतं पडलं तर मेलो तरी तोंड उघडलं नसतं.

चिखलीत आमचा फ्लॅट आहे. घरात माणसं चार आणि कॉम्प्युटरही चार. एक माझ्या मुलीचा, तनुजाचा, तिच्या ऑफिसने दिलेला लॅपटॉप. एक बायकोचा, विजयश्रीचा. ती शाळेत शिकवते, तिच्या प्रश्नपत्रिका आणि निकाल त्यात असतात. एक माझा. आणि चौथा म्हणजे तनुजा आठवीत असताना घेतलेला जुना डेस्कटॉप, जो आईच्या खोलीत खिडकीपाशी पडून होता. चौघांना वायफाय एकच.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी या चारही जणांनी एकदम अपडेट ओढायला सुरुवात केली. तनुजा व्हिडिओ कॉलवर तिच्या साहेबांना काहीतरी समजावून सांगत होती, ती तोंड उघडं ठेवूनच स्क्रीनवर गोठली. विजयश्रीचा लॅपटॉप 'कृपया बंद करू नका' असं म्हणून तासभर गोल फिरत बसला, आणि तिला दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर द्यायचा होता. घरात जो आरडाओरडा झाला त्यात मी जाहीर केलं की आजपासून हे खातं माझ्याकडे.

दुसऱ्याच दिवशी रजिस्टर आणलं. कंपनीत प्रत्येक मशीनच्या देखभालीची नोंद असते, तसेच रकाने आखले. मशीन नंबर, जागा, वापरणारा, मागील अपडेट, पुढील अपडेट, बॅकअप, शेरा, सही. प्रत्येक कॉम्प्युटरला नंबर दिला आणि तारखेचा हिरवा स्टिकर लावला. कोणी कुठल्या वारी अपडेट घ्यायचं ते ठरवून दिलं, म्हणजे वायफायवर एका वेळी एकाचाच भार. तनुजा म्हणाली, "पप्पा, माझ्या लॅपटॉपचं ऑफिसच बघतं, तुमचं डिपार्टमेंट नाही ते." मी तिच्या शेऱ्यात 'बाहेरील एजन्सी' असं लिहिलं. विजयश्री म्हणाली, "अहो, फ्रिजला पण लावा एक स्टिकर." तो मी आधीच लावला होता.

हसा खुशाल. पण तेव्हापासून घरात एकही कॉल गोठला नाही.

माझा आणखी एक नियम होता. कंपनीत नवं सेटिंग केलं की आम्ही आधी एकच नग काढतो, तो तपासतो, तो पास झाला तरच पुढचा माल चालू. पहिला नग म्हणतात त्याला. तसं मोठं अपडेट आलं की ते आधी एकाच कॉम्प्युटरवर टाकायचं, आठवडाभर बघायचं, मगच बाकीच्यांना द्यायचं. पहिल्या नगासाठी अर्थातच चार नंबर. बिघडला तरी कोणाचं काय जाणार होतं?

रजिस्टर भरताना मी विचारलं होतं. रात्रीची जेवणं चालली होती. "नंबर चार कोण वापरतं?" विजयश्री म्हणाली, "त्याला आता कोण वापरणार?" तनुजा ताटात बघत राहिली. आई आमच्यापासून चार हातांवर ओट्याशी भाकरी थापत होती. तिला विचारायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. मी 'वापरणारा' या रकान्यात 'कोणी नाही' लिहिलं आणि 'बॅकअप' खाली 'लागू नाही'.

आता गुरुवारचं सांगतो. आमच्या भागात कारखान्यांची सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. पोरांची शाळा रविवारी बंद आणि बाप गुरुवारी घरी, अशी आमच्याकडची कितीतरी घरं आहेत. त्या दिवशी विजयश्री शाळेत, तनुजा हिंजवडीला, आणि मी एकटा मोकळा. मोठ्या अपडेटला याहून चांगला वार नाही असं मला वाटलं. गुरुवारी कारखाने बंद असतात म्हणूनच लाइटवाले गुरुवारी लाइन दुरुस्तीला घेतात, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मलाही माहीत होतं. पण दोन महिने लाइट गेली नव्हती आणि मी निर्धास्त झालो होतो. सकाळी फोनवर मेसेज आला होता, दहा ते एक वीज बंद. सुप्रभातच्या फुलांच्या ढिगाऱ्यात तो तसाच न वाचलेला पडला.

आई सकाळीच खाली शालनबाईंकडे मेथी निवडायला गेली होती. मी नऊला चार नंबरसमोर बसलो. त्यावर विणलेलं झाकण होतं, ते काढलं. कीबोर्डच्या बटणांवर मराठी अक्षरांचे बारीक कागद चिकटवलेले होते. मला वाटलं, तनुजाचे लहानपणीचे उद्योग. धुळीचा कण नव्हता. कोणी वापरत नाही त्या कॉम्प्युटरवर धूळ का नाही, हा प्रश्न मला पडला नाही. केसाच्या दहाव्या हिश्शाएवढी चूक पकडणारा माणूस मी! नव्या आवृत्तीचं अपडेट सुरू केलं, रजिस्टरमध्ये वेळ टाकली आणि चहा करून घेतला.

दहा वाजून पाच मिनिटांनी, एकसष्ट टक्क्यांवर, लाइट गेली.

लॅपटॉपला पोटात बॅटरी असते. डेस्कटॉपला नसते, म्हणून त्याच्याशेजारी यूपीएस होता. त्या यूपीएसची बॅटरी गेल्या महिन्यात मीच काढून टाकली होती, चार नंबरला काय करायचीय म्हणून. हॉलमध्ये इन्व्हर्टर आहे, पण आईच्या खोलीतला पॉइंट त्यावर नाही. म्हणजे जिथे जिथे म्हणून वाचायची सोय होती तिथे तिथे मी स्वतःच्या हाताने पाचर मारून ठेवली होती.

लाइट आली ती एकला. कॉम्प्युटर चालू केला तर निळी स्क्रीन. दुरुस्ती करू का, विचारलं. कर म्हटलं. जमलं नाही म्हणाला. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी पर्याय आले, त्यातला एक होता सगळं काढून टाकून नव्याने सुरुवात करण्याचा. मला तोच बरा वाटला. खरं तर आनंदच झाला, एकदम कोरं करकरीत मशीन मिळेल. मी तो निवडला. त्याने विचारलं, खात्री आहे का? मी माऊस 'हो' वर नेला.

तेवढ्यात आई आली. हातात निवडलेल्या मेथीची परात. दारातूनच तिने स्क्रीन बघितली.

"आरं, माजं रान कुठं गेलं?"

"कसलं रान?"

"त्यात ठिवलंय की मी. गावचं समदं रान." परात तिने खाटेवर ठेवली. "तू काय केलंस त्याला?"

मी माऊसवरचा हात उचलला. इतका सावकाश की जणू त्या हाताचा मला भरवसाच राहिला नव्हता. मग खाली वाकलो आणि थेट प्लग उपसून काढला. त्या 'हो' च्या आसपासही मला राहायचं नव्हतं.

तनुजाला फोन लावला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "पप्पा, 'हो' दाबलं का?"

"नाही."

"नक्की?"

"नाही दाबलं गं बाई!"

मग तिने सांगितलं. आठ महिने झाले, आम्ही सगळे बाहेर गेलो की आजी दुपारी दोन तास लिहायला बसते. चाकणच्या पुढे आमचं गाव. तिथलं रान आता बहुतेक कारखान्यांखाली गेलंय. त्या रानातल्या प्रत्येक तुकड्याला नाव होतं. कुठला तुकडा, कोणाचा, त्यात काय पिकायचं, तिथं काय घडलं, हे आजी एकेक करून लिहितेय. अक्षरांचे कागद तनुजाने चिकटवून दिले होते. एक ओळ झाली की ते चौकोनी चित्र दाबायचं, म्हणजे राहतं, एवढं तिने आजीला शिकवलं होतं. "रोज दाबायची ती, पप्पा. एकदाही विसरली नाही. आता तुम्ही कशालाही हात लावू नका. कामरानकडे घेऊन जा."

कामरान म्हणजे आमच्या कंपनीच्या टूलरूममधून रिटायर झालेल्या चांदभाईंचा मुलगा. काळेवाडीत त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. मी कॉम्प्युटरचा डबा तारांपासून सोडवला. आईने तो जुन्या लुगड्यात गुंडाळला आणि म्हणाली, "मी बी येनार." मी नको म्हणायची हिंमत केली नाही.

रिक्षात तिने डबा मांडीवर घेतला. खड्डा आला की दोन्ही हातांनी आवळून धरायची. चिखली सुटल्यावर मी विचारलं.

"किती लिहिलंयस?"

"एकशे बारा तुकडं."

"मला का नाही सांगितलंस?"

आई रस्त्याकडे बघत राहिली. "तू चुका काढशील म्हून."

मी लहान मुलासारखा रिक्षावाल्याच्या पाठीकडे बघत बसलो. मग म्हणालो, "पुन्हा लिहू आपण. तू सांग, मी टाइप करतो."

"मला ठाव हायेत ती लिहिन की. पर गावच्या सुमनताईनं सांगितल्याली ईस हायेत त्यात. वरच्या आळीकडची. फोनवर इचारून इचारून घेतली व्हती." तिने लुगड्याचं सुटलेलं टोक डब्याखाली खोचलं. "सुमनताई मार्गशीर्षात गेली. आता कुनाला इचारू?"

मला तेव्हा खरोखर भीती वाटली. बावीस वर्षांत मी हजारो नग नापास केले असतील, पण नापास नगाच्या जागी दुसरा करता येतो. हे वीस पुन्हा करता येणार नव्हते.

कामरान दुकानात एकटाच होता. आईला बघून त्याने खुर्ची पुसून दिली. "बसा मावशी. काय झालं, रोहिदासभाऊ?"

मी सांगितलं. लाइट, एकसष्ट टक्के, निळी स्क्रीन. बॅटरी मीच काढली होती हेही सांगितलं, कारण आई ऐकत होती. कामरानने मान हलवली. "'सगळं काढून टाका' केलं नाही ना?"

"नाही."

"मग बचावलात राव. बघू."

त्याने डबा उघडला, आतली डिस्क काढली आणि स्वतःच्या कॉम्प्युटरला जोडली. "मशीन बंद पडलंय, पण डिस्क तर फिरतेय. आवाज ऐका, चांगलाय." मी कान लावला. मशीनचा आवाज मला कळतो. चांगला होता. माझा जीव अर्धा खाली आला.

त्याने एकेक फोल्डर उघडत नेलं. मग थांबला. "फाइल कुठे ठेवत होत्या, मावशी?"

"समोरच असायची. 'रान' नाव हाय."

समोर काही नव्हतं. कागदपत्रांच्या फोल्डरमध्ये काही नव्हतं. तनुजाच्या नावाचं फोल्डर होतं, पण आत उघडलं की रिकामं. कामरान पुन्हा पहिल्यापासून बघायला लागला. मी त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होतो, आणि माझ्या कपाळावरून घाम थेट त्याच्या टेबलावर पडला. मागे आई खुर्चीत बसली होती, लुगड्याची घडी मांडीवर घेऊन. वळून तिच्याकडे बघणं माझ्याच्याने होईना.

"थांबा जरा," कामरान म्हणाला. "हे अपडेट घर बदलताना करतात तसं करतं. जुनं सामान आधी एका खोलीत कोंबतं, मग नव्या घरात लावतं. लावायच्या आधीच लाइट गेली असेल तर सामान त्या खोलीतच असणार." त्याने वेगळंच एक फोल्डर उघडलं. त्यात आणखी एक. त्यात आणखी एक. मग मराठीतली दोन अक्षरं दिसली. रान. तारीख कालची.

"हीच का, मावशी?"

त्याने ती उघडली आणि आई खुर्चीतून उठली. पान खाली, आणखी खाली, आणखी खाली. एक ते एकशे बारा. वरच्या आळीकडचे वीसच्या वीस. ती नुसती बघत होती, आणि मी काय केलं तर त्या दुकानातल्या उलट्या ठेवलेल्या बादलीवर मटकन बसलो आणि रडलो. लाज वाटली नाही. इतकं हलकं मला दहावीच्या निकालालाही वाटलं नव्हतं. कामरान हसत हसत दारात गेला आणि समोरच्या टपरीला ओरडला, "तीन चहा! एक साखर जास्त!" ती जास्त साखर माझ्यासाठी होती.

चहा येईपर्यंत त्याने आधी दोन प्रती काढल्या. मग म्हणाला, "मावशी, वाचू का थोडं?"

"वाच की." आईने माझ्याकडे बघितलं. "चुका असतील."

कामरानने मधलंच कुठलंतरी पान लावलं आणि अडखळत वाचायला लागला. "'वडाची पट्टी. हितं हुलगा व्हायचा. पावसाळ्यात कोन बी जात न्हाई, चिकुल लई.'" तो खाली सरकला. "'चिंचंचा तुकडा. आमचाच. चिंचंला झोळी बांदून रोहिदासला निजवायची आन खुरपायला जायची. लई रडायचा. आता हितं कंपनी हाय. रोहिदास तितंच कामाला जातो. त्याला ठाव न्हाई.'"

कामरानने वाचणं थांबवलं. चहा आला होता, तो कोणी घेतला नाही.

मी बावीस वर्षं त्या शेडमध्ये उभा आहे. तिथल्या फरशीचा उतार किती आहे तेसुद्धा मला पाठ आहे. आमचं रान त्या बाजूला कुठेतरी होतं एवढं कानावर होतं, पण कुठे, हे मी कधी विचारलं नाही. वडील होते तोवर त्यांना विचारता आलं असतं, तेही राहिलं.

"आई, चिंच नेमकी कुठं होती?"

"तुज्या गेटातनं आत गेलं की डाव्या अंगाला. पानी प्यायचा नळ हाय म्हनतोस ना तू, तितं."

त्या ओळींमध्ये चुका होत्या. मी मोजल्या नाहीत.

येताना रिक्षात आईने चहाबरोबर घेतलेला खारीचा पुडा फोडला आणि अर्धा मला दिला. घरी आलो तर विजयश्री शाळेतून आली होती. तिने सगळं ऐकलं, माझ्याकडे बघितलं आणि एवढंच म्हणाली, "आणि फ्रिजला स्टिकर!" मी ऐकून घेतलं. त्या संध्याकाळी मला कोणी काहीही बोललं असतं तरी चाललं असतं.

आठवडाभरात कामरानने चार नंबर पुन्हा उभा केला. आम्ही यूपीएसला नवी बॅटरी बसवली आणि आईच्या खोलीत इन्व्हर्टरचा पॉइंट ओढून घेतला. 'रान' ची एक प्रत तनुजाकडे आहे, एक माझ्याकडे, आणि एक पेन ड्राइव्हमध्ये, जो आईने तिच्या मिसरीच्या डबीशेजारी ठेवलाय. आता ती दुपारची वाट बघत नाही, आम्ही घरात असलो तरी लिहिते. एकशे एकोणीस झालेत.

काल पुन्हा गुरुवार आला. सकाळी मी रजिस्टर घेऊन तिच्या खोलीत गेलो, चार नंबरची नोंद दुरुस्त करायला. तिने माझ्या हातातून पेन घेतलं. रजिस्टर गुडघ्यावर धरून 'कोणी नाही' वर आडवी रेघ मारली आणि वर रकान्याबाहेर जाईल एवढ्या मोठ्या अक्षरात 'तानाबाई' लिहिलं. मग बोटाने रकाने चाचपत 'शेरा' पर्यंत गेली आणि तिथे लिहिलं, 'आदी इचारायचं.'

कंपनीत खाडाखोड केली की शेजारी जबाबदार माणसाची सही लागते. मी केली.

"आई," मी विचारलं, "मोकळी आहेस तर आज टाकू का अपडेट?"

ती झाकण काढत होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "लायटीचा मेसेज वाचलास का?"

मी वाचला नव्हता.